दुपारचं झाकलेलं ताट

॥ श्री ॥
कड्याखालची वाडी, पोफळीच्या वर
१३ ऑगस्ट २००६

चि. सौ. राहीस अनेक आशीर्वाद.

आधी आला तो चष्मेवाला. त्याच्या मागून त्याची बायको, आणि सगळ्यांत शेवटी पुण्याच्या दोन पोरी, त्यातल्या एकीच्या पोटरीला जळू लागलेली. येसूबाई ओहोळावरच्या साकवाच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. मला ओरडून सांगते कशी, गोदे, तुझे पाहुणे आले, पण सगळे आपल्या पायांकडे बघत चाललेत, डोंगराकडे कोणी बघत नाही. मी म्हटलं, चिखल तुझ्या दारातला आहे, पायांकडे बघतील नाही तर काय करतील.

तू म्हणशील, ही म्हातारी सात वर्षांनी पत्र लिहिते आणि सुरुवात जळवेपासून करते. पण दुसरीकडून कुठून करू ते मला कळेना. दोन रात्री विचार केला. शेवटी म्हटलं, जे दारात आलंय तिथूनच सुरू करावं. माझं अक्षर तुला माहीत आहे. दुसरीत शाळा सुटली ती सुटली. जोडाक्षर आलं की मी अजून जीभ बाहेर काढते.

तर पाहुण्यांचं असं की भार्गवी नावाची चिपळूणची मुलगी आहे, झाडापेडांचं शिकलेली. गेल्या वर्षी वाडीत आली आणि म्हणाली, शहरातली माणसं इथे राहायला आणूया. आम्ही म्हटलं, इथे काय आहे, लाईट नाही, रस्ता नाही, पोफळीचे दिवे रात्री खाली पेटलेले दिसतात तेवढाच आमचा लाईट. ती म्हणाली, आजी, हेच बघायला येतील. येसूबाईने तर पदर तोंडाला लावून हसून घेतलं. आता बघ, आपल्या गोठ्याच्या वरच्या अंगाला दोन खोल्या उठल्या आहेत. खाली जांभा, वर कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर, सारवलेली जमीन. बाहेरून काही आणलं नाही, सगळं डोंगरातलं. सहापेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत. गाणी लावायची नाहीत. प्लॅस्टिक आणलं तर परत घेऊन जायचं. संडास खड्ड्याचा, आणि झाल्यावर वरून राख टाकायची. सकाळी चांगली शिकलेली माणसं राखेचा डबा हातात धरून रांगेत उभी असतात. मी चुलीपुढून बघते आणि हसू दाबते.

येसूबाईची तर फारच पंचाईत. चार वर्षांपूर्वी तिने हौसेने कूड पाडून चिऱ्याच्या भिंती घातल्या, वर पत्रा टाकला. मला म्हणायची, गोदे, तू अजून मातीतच राहा. आता पाहुणे तिच्या घराकडे बघतसुद्धा नाहीत. परवा विचारत होती, कूड परत घालायला किती काठ्या लागतील.

चष्मेवाल्याचं नाव मुकुल, बायकोचं आर्या. तो पक्ष्यांचे आवाज डबीत भरून घेतो. असेल विनीतच्या वयाचा. म्हणजे विनीत आज जेवढा असेल तेवढा. पाठमोरा उभा राहिला की खांदे तसेच, उजवा थोडा खाली. मी काल त्याला दोनदा हाक मारता मारता थांबले.

आणि ऐक, मुख्य हे सांगायचं होतं. आज पहाटे आर्या चुलीपाशी आली. म्हणाली, आजी, उजाडायच्या आधी पऱ्याच्या पाण्याकडून शीळ कोण घालत होतं? मी हातातली फुंकणी खाली ठेवली. म्हणजे तिलाही ऐकू आली. एवढी वर्षं मी एकटीच ऐकते, आणि येसूबाईला सांगितलं तर ती दुसरंच काही बोलायला लागते. तीच शीळ गं. सूर धरल्यासारखा करायचा आणि मध्येच सोडून द्यायचा. तू त्याला चिडवायचीस, एक गाणं म्हणून पुरं येत नाही तुम्हाला.

दुपारी त्याचं ताट मी झाकून ठेवते, ते तुला माहीत आहे. अजून ठेवते. दुपारी जेवायला येतो, झाकून ठेव, असं म्हणून माणूस पऱ्यापलीकडे गेला, तर झाकून ठेवायला नको का. आठ वर्षं झाली या आषाढात. संध्याकाळी ते म्हशीला घालते. ही म्हैस म्हणजे त्याच म्हशीची नात.

वर सौ. लिहिलंय ते मुद्दाम लिहिलंय. रागावू नकोस.

शमिका आता बारा वर्षांची झाली असेल. बुरोंडीला समुद्रावर फार जाऊ देऊ नकोस. भार्गवीने तुझा पत्ता काढून दिला, तिला बोल लावू नकोस, मीच मागे लागले.

तुझी सासू,
गोदा


१४ ऑगस्ट २००६
दुपारचे चार

चि. सौ. राहीस,

आशीर्वाद नंतर. आधी हे ऐक. पुण्याच्या पोरी संध्याकाळच्या गाडीसाठी खाली उतरतायत, त्यांच्या हाती हे पत्र देते, त्या पोफळीला पेटीत टाकतील. म्हणून घाईने लिहिते.

राही, ताट रिकामं आहे.

दुपारी सगळ्यांना जेवायला घातलं. मुकुल तेवढा सकाळीच डबा घेऊन कड्यावर गेलेला. मग नेहमीसारखं विनीतचं ताट वाढलं. नाचणीची भाकरी दोन, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, भात, वर मिरची. रोवळी उपडी घातली, वर दगड ठेवला. मग मी आणि येसूबाई झऱ्यावर कपडे घेऊन गेलो. मुली खोलीत पडल्या होत्या. आर्या भार्गवीबरोबर देवराईत गेली होती. घरात कोणी नव्हतं.

परत आले तर रोवळी खुंटीला. दगड जागच्या जागी, दाराशी. आणि ताट मोरीजवळ, घासलेलं, राखेने घासलेलं, पालथं घातलेलं.

पालथं, राही. आपल्या वाडीत कोण पुरुष जेवलेलं ताट घासतो? आणि घासून पालथं कोण घालतो? ती सवय तू लावलीस त्याला. लग्न होऊन महिना झाला नव्हता, सगळे पुरुष त्याला हसले होते, भागोजी तर म्हणाला होता, विन्या, उद्या भांडी घेऊन पऱ्यावर ये. आणि तो आला होता, मुद्दाम, डोक्यावर पातेलं ठेवून. आठवतं का.

मी ताट हातात घेऊन बघितलं. मधोमध अजून ओलं होतं. मी ते उलटं केलं नाही, परत तसंच पालथं घातलं. मी रडले नाही. मला हसू यायला लागलं. येसूबाई बघत राहिली, मग आपल्या घरी गेली.

तो लांब गेला नसेल. ऊन पडलंय, कड्याच्या वाटेने पाय सरकत नाहीत आज. कदाचित पाहुणे बघून लाजला असेल. तू निघून गेलीस हे त्याला माहीत नाही ना, तुला शोधत असेल घरात.

तू ये. शमिकाला घेऊन ये. पोरी घाई करतायत.

गोदा


१७ ऑगस्ट २००६

चि. सौ. राहीस,

आधीचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. मिळालं नसेल तर आल्यावर उघडू नकोस. परवा झेंड्याची सुट्टी, टपाल बंद, म्हणून हे लिहायला दोन दिवस गेले. भार्गवीला म्हटलं, तू चिपळूणला जाऊन टाक, तिथून लवकर जाईल. ती उद्या पहाटेच निघते. तुझ्याकडे ते पत्र आधी पोचलं असेल तर मला काय म्हणशील ते मी ऐकून घेईन.

त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावला आणि मी पडवीत बसले. कोणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून चूल पेटवली नाही. आर्याने भाताचं आधण ठेवलं. मुकुल तिच्याजवळ बसून लसूण सोलत होता. बोलता बोलता म्हणाला, आजी, दुपारची पिठी काय झाली होती, मी वरचा डबा खाल्लाच नाही, माकडांनी नेला, खाली आलो तर पोटात कावळे, आणि बरं झालं तुम्ही माझं झाकून ठेवलं होतं. आर्याने सांगितलं होतं की आजी जेवण झाकून ठेवतात.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी विचारलं, ताट तू घासलंस का.

तो म्हणाला, घासलं ना, भार्गवीताईंचा नियम आहे, आपलं ताट आपण घासायचं. पालथं घातलं, माशी बसू नये म्हणून.

 भार्गवीही तिथेच होती, तिला माहीत होतं. तिने त्याच्या हातातला लसूण काढून घेतला. मुकुल उठून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चष्मा काढून हातात धरला. चष्म्याशिवाय तो अगदीच दुसरा दिसतो. खांदेसुद्धा तसे नाहीत.

"आजी, ते ताट कोणाचं होतं?"

"मुलाचं."

"ते कुठून येणार होते? मी आत्ता परत वाढतो, मी…"

"पऱ्यापलीकडून," मी म्हटलं. "आठ वर्षं झाली."

तो खाली बसला. मोठा माणूस, मातीत बसला. मला त्याची दया आली. म्हटलं, तू जेवलास ना पोटभर, मग झालं. बाळा, अन्न खाल्लंस, चोरी नाही केलीस. पण माझा आवाज मलाच कसातरी लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे शीळ आली. आर्या बाहेर आलेली, मुकुल डबी घेऊन उभा. मला बघून त्याने डबी बंद केली. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, आजी, हा पक्षी आहे. कस्तूर. निळा-काळा असतो, पऱ्यातल्या दगडांवर बसतो, पावसाळ्यात माणसासारखी शीळ घालतो.

मी म्हटलं, मला माहीत आहे.

त्याला वाटलं मी त्याचं मन राखायला म्हणते. पण राही, मी या डोंगरात जन्मले. कस्तूर मला माहीत नसेल? लहानपणी आम्ही त्याला वेडावून दाखवायचो, तो चिडून जास्त घालायचा. विनीत शीळ शिकला तो त्या पक्ष्याकडूनच शिकला, म्हणून तर त्याला एक गाणं पुरं येत नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात मला माहीत होतं, कस्तूर आहे. दुसऱ्यातही माहीत होतं. मग केव्हा मी ते माहीत असणं बाजूला ठेवलं ते सांगता येत नाही. उंच फळीवर एखादं भांडं ठेवावं तसं. आहे हे कळतं, पण हात पोचत नाही अशा ठिकाणी आपणच ठेवलेलं असतं.

काल पाहुणे गेले. खोलीचा केर त्यांनीच काढला, पिशवीत भरून नेला. आर्या पाया पडली. मुकुलने साकवापाशी मागे वळून सांगितलं, आजी, कार्तिकात परत येतो, एकादशीच्या आधी. मी मान हलवली.

काल मी दुपारी ताट वाढलं नाही. आजही नाही. म्हैस डोणीपाशी येऊन उभी राहते आणि माझ्याकडे बघते.

तुला त्या पत्राने आशा लागली असेल तर माझा हात मोडो. आशा काय असते ते मला माहीत आहे.

गोदा


३ सप्टेंबर २००६

राहीस,

काल गौरी गेल्या. तू माझ्या तिन्ही पत्रांना उत्तर दिलं नाहीस. तू मला का लिहावं. हे चौथं तू वाचावंस एवढीच इच्छा आहे, मग चुलीत घाल.

वर सौ. लिहिलं नाही. कधीची बसले होते. सौ. लिहून झालं होतं, तो कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला. दुसरं जे लिहितात, गं. भा., ते माझ्या हाताने उमटत नाही. म्हणून नुसतं राही. तुझ्या आईबापाने ठेवलेलं नाव आहे, ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

आता सांगते. भार्गवी म्हणाली, आजी, मी लिहून घेऊ का, तुम्ही सांगा. मी नाही म्हटलं. हे माझ्याच अक्षरात गेलं पाहिजे.

तो गेला त्या दिवशी तू म्हणालीस, पऱ्याला पाणी आहे, जाऊ नका. मी म्हटलं, म्हैस गाभण आहे, पलीकडे अडकली तर वाघरू खाईल, जा आण. तो तुझ्याकडे बघत होता आणि माझ्याकडे. मग माझं ऐकून गेला. म्हैस संध्याकाळी एकटी आली, दोरी ओढत. हे तू कधी कोणाजवळ बोलली नाहीस. सगळ्या वाडीने विचारलं, तरी तू म्हणालीस, ते आपले आपण गेले. मला वाचवलंस. मी त्याचे पांग कसे फेडले ते पुढे आहे.

त्या वर्षीच्या गणपतीनंतर, पाणी उतरल्यावर, भागोजी गुरं घेऊन खाली डोहापर्यंत गेला होता. करंजाच्या मुळांत त्याला कमरेचा काळा करगोटा अडकलेला दिसला. त्याला किल्ली बांधलेली. तो घेऊन आला, पडवीत मी एकटी होते. तू रानात होतीस.

राही, तो करगोटा मी वळला होता. सात पदरी, गाठीजवळ एक लाल धागा. पुरुष माणूस आंघोळीलाही करगोटा सोडत नाही. तो एकदाच सुटतो, हे मला तुला सांगायला नको.

मी भागोजीला म्हटलं, हे तू बघितलं नाहीस. देवीची शपथ घातली. तो म्हणाला, गोदावहिनी, सुनेला सांगा. मी म्हटलं, माझा मुलगा येणार आहे. मग तो सात वर्षं माझ्या दारावरून जाताना मान खाली घालून गेला. गेल्या चैत्रात वारला. आता ही गोष्ट मला एकटीला माहीत आहे, म्हणजे होती, या ओळीपर्यंत.

किल्ली तुझ्या ट्रंकेची. तू ती सगळ्या घरात शोधलीस. मी तुझ्याबरोबर शोधली, भाताच्या कणगीमागे दिवा धरून. तू कुलूप फोडलं नाहीस. म्हणालीस, ते आले की उघडतील. आणि किल्ली तेव्हा तुझ्यापासून दोन हातांवर, त्याच कणगीत, भातात पुरलेली.

पुढच्या वर्षी पितृपक्षात, म्हाळाला मी तुझ्या सासऱ्यांचं पान बाहेर ठेवलं. तू त्याच्या शेजारी दुसरं ठेवलंस. मी विचारलं, हे कोणाचं. तू नाव घेतलंस. तोवर तू नाव घेत नव्हतीस त्याचं. आणि मी ते पान पायाने लोटलं. भात अंगणभर. शमिका उंबऱ्यात उभी होती, चुरलेला वडा उचलायला वाकली, तू तिचा हात धरलास. मी म्हणाले, जित्या माणसाला पितरांची वाडी दाखवणारी बाई मला माझ्या घरात नको. बारा वर्षं वाट बघतात गेलेल्या माणसाची, तुला दीड वर्ष निघालं नाही.

तुला खरं कोणी सांगितलं नव्हतं, तरी तू ते मान्य केलंस. मला हातात आणून दिलं होतं, तरी मी केलं नाही.

तू गेलीस तेव्हा सत्तावीस वर्षांची होतीस. आज चौतीसची. तू कुंकू लावायचं की पुसायचं, कोणी विचारलं तर काय सांगायचं, दुसरं घर करायचं का नाही, हे सगळं मी त्या कणगीत दाबून ठेवलं. बुरोंडीच्या बायकांनी तुला काय काय विचारलं असेल. मी इथे त्याचं ताट झाकत होते आणि स्वतःला चांगली आई समजत होते.

अजून एक. तू गेल्यापासून घरात मला चाहूल लागते असं मी सगळ्यांना सांगायचे. पडवीत पाऊल वाजतं, कणगीपाशी येऊन थांबतं. येसूबाई त्याला उंदीर म्हणते. मी मनात म्हणायचे विनीत आहे. पण कणगीपाशीच का थांबतो, ते मला कळत होतं. किल्ली मागायला येत होता. तुझ्यासाठी मागत होता.

आज मी कणगीत कोपरापर्यंत हात घातला. फडक्यात तशीच आहे. थोडी गंजली आहे. करगोट्याचा लाल धागा अजून लाल आहे. ट्रंक मी पुसून ठेवली. तुला किल्ली टपालाने पाठवू का? भार्गवी म्हणते पाकिटात घालून पाठवता येते. की तू दुसरं काही म्हणशील?

या सर्वपित्रीला त्याचं पान मी ठेवणार आहे. माझ्या हाताने. तू नसलीस तरी ठेवीन, पण पान ठेवायचा हक्क आधी तुझा.

गोदा


१६ सप्टेंबर २००६

राहीस आणि माझ्या शमिकास अनेक आशीर्वाद.

आज इथे आधी कोण आलं सांगू? पोस्टमन. स्वतः साकवापर्यंत. इतक्या वर्षांत तो कधी वर चढला नव्हता, आमचं टपाल खालच्या दुकानात पडून असतं. येसूबाईने त्याला अडवून आधी पाणी दिलं, मग कार्ड उलटसुलट करून बघितलं, तिला वाचता येत नाही तरी. म्हणाली, गोदे, अक्षर गोल आहे, बाईमाणसाचं आहे. मी ओल्या हातांनी घेतलं, म्हणून एका कोपऱ्यावर शाई पसरली आहे. पण सगळं वाचता येतं. सहा वेळा वाचलं, मग भार्गवीकडून एकदा वाचून घेतलं, माझं काही चुकत नाही ना म्हणून.

शमिका, तुझं अक्षर माझ्यापेक्षा फार चांगलं आहे. तू लिहिलंस की दुसरं पत्र आलं तेव्हा आई दोन दिवस दारात बसली, एसटी आली की उठून उभी राहायची. मग तिसरं आलं. हे तुझ्या कार्डात वाचून मी चुलीपुढे बराच वेळ बसले. राही, याची माफी मी पत्रात मागणार नाही. समोर मागेन. तू दिली नाहीस तरी समोरच मागेन.

आणि खाली तू लिहिलंस, आई म्हणते किल्ली टपालाने पाठवू नका. आम्ही येऊन घेतो.

येऊन घेतो. भार्गवीने वाचलं तेव्हा मी तिला म्हटलं, एवढी ओळ परत वाच.

आता माझी धावपळ बघ. खोल्या दोन्ही सारवल्या. भार्गवीने सांगितलं, आजी, त्याच दिवसांत मुंबईचे चौघे येतो म्हणतायत. मी म्हटलं, कळव त्यांना, त्या दिवशी घर भरलेलं आहे. ती म्हणाली, दोन माणसांनी भरलं? मी म्हटलं, हो, दोन माणसांनी भरलं. मुकुलचंही कार्ड आलंय, कार्तिकातली त्याची तारीख नक्की आहे, आणि विचारतो, मी आलेलं चालेल ना. त्याला लिहिते की ये, आणि आल्यावर तुझं ताट तुलाच घासावं लागेल.

शमिका, जळवांना घाबरू नकोस. पायांना तंबाखूचं पाणी लाव आणि चालताना पायांकडे बघू नकोस, वर बघ. पहाटे शीळ आली तर तो कस्तूर आहे. तुझा बाप त्याच्याकडून शीळ शिकला. आता पाऊस ओसरलाय, तो कमी घालतो, पण आठवडाभर थांब म्हणून सांगितलंय मी त्याला.

राही, येताना मूठभर सुके सोडे आण. आपल्याकडे पानावर ठेवत नाहीत, पण त्याला फार आवडायचे, दुसऱ्या दिवशी आपण खाऊ. ट्रंक तू उघड. मी बाहेर पडवीत बसेन. आत काय आहे ते तुझं आहे.

पानांचा हिशेब मी करून ठेवलाय. केळीची पाच कापायची आहेत.  आत तीन, तुझं, शमिकाचं, माझं. बाहेर एक सासऱ्यांचं. म्हणजे चार झाली, आणि पाचवं. पाचवं तू वाढ. मी तुझ्यामागे उभी राहते.

येसूबाईकडे भिंतीवर दिनदर्शिका आहे, तिथे जाऊन बघून आले. चौकोनात अमावास्येचा काळा ठिपका आहे, त्याखाली तिच्या खडूने रेघ मारली. ती म्हणाली, गोदे, माझं कॅलेंडर खराब केलंस.

२२ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळच्या गाडीने येतो, असं कार्डावर आहे.

गोदा